बारखालची दोन बोटं

अण्णा, सात वर्षांत तुम्ही मला निदान पन्नास वेळा विचारलं असेल, की तुला शरीर कमवायचं तरी कशासाठी? आणि मी पन्नास वेळा खोटं बोललो. कधी सांगितलं, शर्ट खांद्यावर बसत नाही. कधी सांगितलं, डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे. एकदा म्हणालो लग्न जमत नाही, आणि दुसऱ्याच महिन्यात तुमच्या हातात माझ्या लग्नाची पत्रिका ठेवायची वेळ आली. तुम्ही ती वाचलीत, माझ्याकडे बघितलंत आणि पंच्यानं तोंड पुसत आत निघून गेलात. परवा तुमचं तेरावं झालं. आता खरं सांगायला बसलोय, आणि इतकी वर्षं का नाही सांगितलं म्हणून स्वतःचाच राग येतोय.

खरं कारण माझे वडील. ते निपाणीत वारले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, पुढे मडकं धरलं आणि तिरडीची पुढची डावी बाजू माझ्या खांद्यावर आली. बापाला खांदा देणं हा पोराचा हक्क, तो कुणाकडे मागावा लागत नाही. मी तीस पावलं गेलो असेन. मग गुडघे लटपटायला लागले, बांबू हाडावर घासून खांदा सोलवटला, तिरडी एका बाजूला कलली. मागून काका आले, त्यांनी बांबूखाली हात घातला आणि म्हणाले, "सरक. पाडशील." रागावून नाही म्हणाले, घाईनं म्हणाले. मी सरकलो. उरलेली वाट मी गर्दीच्या मागून रिकाम्या खांद्यानं चाललो, आणि माझे वडील पुढे दुसऱ्यांच्या खांद्यावरून जात होते. नंतर मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

वर्षभरात नोकरीसाठी बंगळूरला आलो. महादेवपुऱ्याच्या कारखान्यात तपासणी विभाग. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसाएवढा फरक सापडला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. त्या कामानं स्वभाव किरकिरा झाला की स्वभाव किरकिरा म्हणून ते काम जमलं, हे तुमच्या बायकोला, सुंदराक्कांना, विचारायला हवं. खोली शिवाजीनगरात घेतली, कारण कंपनीची बस तिथल्या स्टँडवरून सकाळी सातला सुटायची. बसकडे जाताना रोज बशीरच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावरून लोखंडाचे आवाज यायचे. एके दिवशी जिना चढून वर आलो. आमच्याकडे जिला तालीम म्हणतात तिला इथे गरडी म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही बाकड्यावर बसून चहा पीत होता. तुम्ही मराठी बोलाल असं मनातही नव्हतं. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, तुम्ही चार वाक्यं शांतपणे ऐकून घेतलीत आणि मग म्हणालात, "पुरे रे बाबा. मराठीत बोल, कान दुखतात."

पाच फूट नऊ इंच उंची, एकोणपन्नास किलो वजन, आणि त्या काडीला समोर एवढंसं पोट. मला त्या पोटाची भारी लाज. रोज पळायचो, दोनशे बैठका मारायचो, रात्रीचं जेवण सोडलं होतं. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "जाळायला निघालाईस, पण जाळण्यासारखं हाय काय तुझ्याजवळ? आधी घर बांध. रंगाचं मागनं बघू." दुसऱ्या दिवसापासून पळणं बंद, बैठका बंद. आठवड्यातून फक्त तीन सकाळी यायचं, चारच व्यायाम करायचे, पण जड करायचे. मी उत्साहानं चौथ्या दिवशीही आलो, तर तुम्ही मला जिन्यावरूनच परत पाठवलंत. म्हणालात, अंग व्यायामानं नाही वाढत, व्यायामानंतरच्या झोपेनं वाढतं, जा घरी जाऊन लोळ. कुणी लोळायला सांगितलं म्हणून मला वाईट वाटल्याची ती एकच वेळ.

आणि खाणं. अण्णा, तुम्ही मला खायला घातलंत ते आठवलं की अजून घसा भरून येतो, आणि तेव्हा खरोखरच भरून यायचा. दोन उकडलेली अंडी, मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, असा डबा सुंदराक्का गरडीलगतच्या घरातून आणून माझ्या हातात ठेवायच्या आणि तो बसमध्ये संपलाच पाहिजे असा तुमचा हुकूम होता. भूक नाही म्हटलं की तुम्ही म्हणायचात, भूक ही सवय आहे, लावली की लागते. तपासणी विभागातले लोक मला बकासुर म्हणायला लागले. सहा महिन्यांत मी चार किलोनं वाढलो. आणि गंमत म्हणजे ते पोट, ज्याच्या मागे मी वर्षभर हात धुऊन लागलो होतो, ते कुणी हात न लावता आपोआप बसलं. पँट तीच राहिली, शर्ट दंडात घट्ट झाले. मी तुम्हाला आरशासमोर उभं राहून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "दिसतंय. पण रंग बघू नकोस, भिंत बघ."

तुमच्या गरडीतली वजनं कुठल्या दुकानातली नव्हती. खाली बशीरकडे जुन्या गाड्या मोडायला यायच्या, त्यांची फ्लायव्हीलं, म्हणजे इंजिनातली जड चाकं, आणि गिअर तुम्ही घासूनपुसून घेतले होते, मधोमध भोकं पाडून घेतली होती, आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं पाच, दहा, पंधरा असे आकडे घातले होते. तुमचा नियम एकच. माणसानं स्वतःच्या वजनाइतकं लोखंड छातीवरून वर ढकललं की तो पास झाला. मी त्या दिवसासाठी जगत होतो. कारण माझं गणित सरळ होतं. स्वतःचं वजन छातीवरून वर गेलं, तर दुसऱ्याचं खांद्यावर राहील. हे गणित मी तुम्हाला सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

बाकड्यावर आडवं पडल्यावर तुम्ही डोक्याशी उभे राहायचात आणि दोन्ही हातांचं एकेक बोट बारखाली धरायचात. दोनच बोटं. बार अडला की तुमचा आवाज यायचा, "तुझंच हाय, तुझंच. स्वल्प. स्वल्पच राहिलं." त्या दिवशी साठ किलो लावले होते, माझं वजन सत्तावन्न. बार अर्ध्यावर अडला, मला वाटलं आता गेलो, तुमचा आवाज आला, आणि बार वर गेला. आठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. बशीर खालून हात पुसत आला. मी उठून बसलो आणि पहिला प्रश्न विचारला, अण्णा, हात लावला होता? तुम्ही म्हणालात, नाही. मी म्हणालो, बोटं होती. तुम्ही म्हणालात, होती, पण लावली नव्हती.

त्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मी तपासणीतला माणूस, माझा शब्दावर विश्वास नाही. एकदा मी बारच्या खालच्या अंगाला खडूची पूड लावून ठेवली, म्हणजे तुमचं बोट टेकलं तर डाग पडेल. तुम्ही आलात, बारकडे बघितलंत, पंचा काढून बार लखलखीत पुसलात आणि म्हणालात, "सकाळ सकाळ काय घाण रे ही." बशीरला साक्षीला उभं केलं तर तो म्हणाला, मी माणूस बघत होतो, बोटं कशाला बघू. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी गेल्यावर मला हसू येत नसे. ते साठ माझे होते की तुमचे, हे मला कळायलाच हवं होतं. काकांचा हात मला एकदा पुरला होता.

आणि त्याच हट्टात मी ते केलं, ज्याची माफी आज मागतोय. तुमचं दहाचं चाक मी पिशवीत घालून कंपनीच्या बसमधून नेलं आणि तपासणीच्या काट्यावर ठेवलं. नऊ किलो दोनशे भरलं. दुसऱ्या दिवशी भर गरडीत, सगळ्यांसमोर, मी तुम्हाला सांगितलं की तुमचे साठ साठ नाहीत, छप्पनसुद्धा नाहीत, इथे आजवर कुणीच पास झालेलं नाही. तुम्ही ते चाक माझ्या हातातून घेतलंत, फिरवून बघितलंत आणि फक्त "सरी" म्हणालात. म्हणजे बरं. पुढच्या रविवारी तुम्ही एकटे बसून सगळ्या चाकांवरचे आकडे पॉलिशच्या कागदानं खरवडून काढलेत. नवे घातलेच नाहीत. त्यानंतर तुम्ही नुसतं म्हणायचात, ते मोठं लाव, हे बारकं काढ. सुंदराक्का मला एवढंच म्हणाल्या की वीस वर्षांपूर्वीचा रंग होता तो. मी मनाची समजूत घालत राहिलो की मी खरं तेच बोललो. माझं माप बरोबर होतं अण्णा. ते कुणासमोर वाचायचं आणि कुणासमोर नाही, एवढं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तुम्हीही शिकवलं नाहीत, नुसतं सोसलंत.

मग जयनगरला ती नवी जिम निघाली. चारी भिंतींना आरसे, गार हवा, परदेशी पावडरचे डबे, आणि प्रत्येक वजनावर ठसठशीत कोरलेला आकडा. आपली निम्मी माणसं तिकडे गेली. मीही गेलो. तुम्हाला न सांगता गेलो, म्हणजे पळून गेलो असंच म्हणायला पाहिजे. मला वाटलं, इथे तरी खरं काय ते कळेल. तिथे पन्नासच्या पुढे माझा बार हलेना. डोक्याशी उभा असलेला शिकवणारा आरशात स्वतःचे दंड बघत असायचा, आणि बार अडला की दोन्ही हातांनी सरळ उचलूनच घ्यायचा. तीन महिन्यांनी मी परत जिना चढलो. तुम्ही काय म्हणाल याची सगळी उत्तरं बसमध्ये तयार करून आणली होती. तुम्ही विचारलंत, "डबा आणलाईस की नाही?" मी नाही म्हटल्यावर आत हाक मारून सांगितलंत की पोरगं आलंय, दोन अंडी टाक.

तुमचा आजार कधी सुरू झाला हे आपल्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोटात गाठ आहे, उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तुमच्या थोरल्यानं, मल्हारनं, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दिवाळीनंतर तुम्हाला घरी आणलं. तुमचा तो दंड, ज्याला मी पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी वेटोळं घालून बघितलं होतं, त्यावरची कातडी लोंबायला लागली. एकदा औषध ठरवायला वजन हवं होतं म्हणून मी तुम्हाला काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस. मी आकडा सांगितला नाही. पण तुम्ही माझा चेहरा वाचलात आणि म्हणालात, "तू आलास तेव्हा एकोणपन्नास होतास. हरलो रे. आता तू मला अंडी भरव." मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुंदराक्कांच्या देखत रडलो. त्या अंडं सोलत होत्या, सोलत राहिल्या.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. तुम्हाला खिडकीपाशी बसायचं होतं, तिथून गरडीचा जिना दिसतो. मला म्हणालात, उचलायचं नाही, मी उठतो. तुम्ही खाटेच्या कडेला बसलात, गुडघ्यांवर हात टेकलेत, आणि मी तुमच्या दोन्ही कोपरांखाली एकेक बोट धरलं. अर्ध्यावर तुम्ही अडलात. सगळं अंग थरथरत होतं. मी म्हणालो, "तुमचंच आहे अण्णा. स्वल्पच राहिलं." तुम्ही उभे राहिलात. चार पावलं चाललात, खुर्चीत बसलात, दम टाकलात.

"बोटं लावलीस," तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, नाही.

"माझंच औषध मला?" तुम्ही हसलात, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर मी धीर करून विचारलं, की मग त्या दिवशीचं, साठ किलोचं, आता तरी सांगा. ते माझं होतं का? तुम्ही जिन्याकडे बघत होता.

"ज्याचं असतंय, तो विचारत नाही," तुम्ही म्हणालात.

मला ते लागलं. मरणाच्या दारातल्या माणसावर मी रागावलो, अण्णा. इतकी वर्षं टाळलेलं उत्तर असं एका वाक्यात द्यायचं? त्या दिवशी मी तुम्हाला माझ्या वडिलांचं सांगणार होतो, शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले, डबा उचलला आणि बस चुकेल म्हणून निघालो. बस चुकणार नव्हती, अजून वीस मिनिटं होती. त्यानंतर तुम्ही जागे असताना मी तुम्हाला भेटलो नाही. दोन वेळा आलो, दोन्ही वेळा तुम्ही गुंगीत होता. मी कोपऱ्यात बसून तुमची बोटं बघत होतो.

तुम्हाला गाडीतून न्यायचं नाही, चालतच न्यायचं, असं मल्हारनं ठरवलं. त्यानं मडकं धरलं. मी कुणाला न विचारता पुढच्या डाव्या बाजूला गेलो आणि बांबू खांद्यावर घेतला. माझ्या मागे बशीर होता. इतर लोक दर शंभर पावलांवर खांदा बदलत होते. मागून माणसं येत होती, माझ्या पाठीवर हात ठेवून "द्या आता" म्हणत होती. मी मान हलवून नको म्हणत होतो. बाजाराच्या रस्त्यावर दुकानदार उठून उभे राहिले. एक म्हातारा भाजीवाला बराच वेळ बरोबर चालला. खांदा दुखत होता, पण बांबूखाली आता हाडाऐवजी मांस होतं, तुमच्या अंड्यांचं आणि मुद्द्याचं. ते तुम्ही बांधलेलं होतं, आणि त्यावरून तुम्हालाच नेत होतो, हे मनात आलं तेव्हा मला पुढचं काही दिसेना. तसाच चालत राहिलो.

स्मशानाच्या आधी तो चढ लागतो. अर्ध्या चढावर माझे गुडघे लटपटले. अगदी तसेच, निपाणीसारखे. आणि त्याच क्षणी बांबू हलका झाला. सगळा नाही. एवढासा. मी मागे वळून बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. बशीरनं बांबूचं आपलं टोक खांद्यावर सांभाळत दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या मागे बांबूखाली लावली होती. तोही तुमच्याच हाताखाली शिकलेला. आणि मला तो हलकेपणा ओळखू आला. तो मला पहिल्यांदा कुठे भेटला होता तेही आठवलं. बाकड्यावर, त्या साठ किलोखाली, टाळ्या वाजायच्या आधी. म्हणजे बोटं होती, अण्णा. लावली होती. तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोललात, मी तुमच्याशी सात वर्षं खोटं बोललो. फिटलं.

"बशीर, बोटं काढ," मी म्हणालो.

"चढाव है," तो म्हणाला.

"काढ. माझं आहे."

त्यानं बोटं काढली. वजन खाली आलं, खांद्यातून गुडघ्यांपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. सत्तेचाळीस किलोंचा तुमचा चौथा हिस्सा, म्हणजे काही फार नव्हे, कुठल्याही काट्यावर ठेवलात तर बारासुद्धा भरणार नाही. पण तेवढा मी नेला. चढ संपला, फाटक आलं, आपण आत गेलो. आणि त्या सगळ्या वाटेत मी कुणालाच काही विचारलं नाही.